चलो बेटा, अब यहाँ से

वडोदरा. मांडवीमागची गल्ली, सकाळचे सात. मदरशातली पोरं सतरंजीवर डुलत डुलत पाठ घोकतायत. आज हिफ्जची परीक्षा, म्हणजे कुराण मुखोद्गत असल्याची.

परीक्षकाला इथे मुम्तहिन म्हणतात. ते मधलीच एखादी आयत, म्हणजे कुराणातलं वचन, उचलतात, अर्ध्यात थांबतात. मुलाने तिथून पुढे चालू करायचं. ग्रंथ 30 पाऱ्यांचा, म्हणजे भागांचा. सुरा, म्हणजे अध्याय, 114. मूल अडखळलं की मुम्तहिन शब्द पुरवतात. त्याला लुकमा म्हणतात. किती लुकमे लागले, त्यावर गुण.

मी दांडिया बाजारातला. बी.एड.च्या वर्गांना मूल्यमापन शिकवण्यात माझा जन्म गेला. मला वाटायचं, इथे अक्षर न् अक्षर ठरलेलं, मग गुणांत फरक पडेलच कसा? शेजारी बसून ऐकलं, तेव्हा कळलं. 'कल्ब' शब्दातला क जिभेच्या मुळातून काढला तर अर्थ हृदय. आपल्या साध्या क ने म्हटला तर कुत्रा. एक मुम्तहिन ही चूक धरतात, दुसरे लहान मूल म्हणून सोडून देतात. एक जण मुलाला आठवायला वेळ देतात, दुसरे लगेच लुकमा देतात. पोरगं तेच, पाठ तोच, गुण मात्र दोन. कोणीही, कधीही तपासलं तरी गुण तेच यावेत, याला आम्ही विश्वसनीयता म्हणतो. ती नेमकी इथे ढळते.

शिवाय नशीब. रहमान नावाच्या सुरेत एकच आयत 31 वेळा येते. तिच्यानंतर पुढची कोणती, इथे मुरलेले हाफिजही, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेलेही, जपून चालतात. एकाच्या वाट्याला हे वळण, दुसऱ्याला तिसाव्या पाऱ्यातली छोटी सुरा. वर्षभराची मेहनत एका जागेवर तोलायची? मला हे पटत नाही.

स्पिअरमन आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी 1910 मध्ये यावरचं गणित मांडलं. एका जागेवरच्या परीक्षेची विश्वसनीयता 0.50 असेल, तर तशाच पाच जागा विचारल्यावर ती 0.83 पर्यंत जाते. मात्र जागा सारख्या अवघड हव्यात.

सयाजीरावांच्या काळी याच शहरात श्रावणात वेदपाठींच्या परीक्षा होत, दक्षिणेसाठी. मुखपाठ तोलण्याची अडचण आपल्याला नवी नाही.

यंदा उस्तादांनी दोन मुम्तहिन बसवलेत. चूक कशाला धरायची, हे आधीच ठरलंय. वह्या वेगळ्या, एकमेकांच्या वहीत डोकावायचं नाही.

पहिला मुलगा पुढ्यात बसतो. सुरुवातीलाच अडकतो, कानशिलं लाल होतात. दोघंही आपापल्या वहीत खूण करतात. वडीलधारे मुम्तहिन काही पानं उलटतात.

"चलो बेटा, अब यहाँ से."