श्वास आधी, वेदना नंतर

बाळांना भूल देताना वापरायची ही तीन तोंडांची छोटी नळी पाहा. आकार इंग्रजी टी अक्षराचा. आत एकही झडप नाही, हलणारा एकही भाग नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे भूलतज्ज्ञ फिलिप आयर यांनी १९३७ मध्ये ती वैद्यकीय जगापुढे मांडली. आयर स्वतः दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्माला आले होते.

त्या काळात अशा बाळाचं ऑपरेशन फार जिकिरीचं असे. सर्जनला काम करायचं तोंडात आणि भूल द्यायची तीही तोंडावाटेच. रक्त घशात उतरायचं, बाळ निळं पडायचं, हात थांबवावे लागायचे. ही सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यातली लढाई होती आणि तिचं रणांगण ते बाळ होतं, असं आयर यांनीच पुढे सांगितलं.

श्वासनलिकेत नळी घालण्याचं तंत्र तेव्हा आलं होतं. अडत होतं ते त्या नळीला जोडायच्या यंत्रापाशी. मोठ्या माणसांसाठी केलेल्या त्या यंत्रांच्या झडपा प्रत्येक श्वासाला ढकलाव्या लागत. चार-पाच किलोच्या बाळाच्या छातीत तेवढा जोर कुठून येणार? त्यात बाळाचं शरीर किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास ऑक्सिजन वापरतं आणि फुप्फुसातली शिल्लक मात्र थोडी. श्वास जरा अडला तरी ऑक्सिजन झपाट्याने घसरतो.

आयर यांनी झडपाच काढून टाकल्या. एका तोंडातून भुलीचा वायू आत येतो, दुसरं तोंड बाळाच्या नळीला जोडलेलं, तिसरं हवेत उघडं. बाळ विनासायास श्वास घेतं आणि सर्जनला तोंड मोकळं मिळतं. १९५० मध्ये लिव्हरपूलचे गॉर्डन जॅक्सन रीस यांनी त्या उघड्या बाजूला शेपटीकडून मोकळी असलेली रबरी पिशवी जोडली. आता बाळाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या तळहाताला जाणवू लागला आणि गरज पडली तर त्याच हाताने देताही येऊ लागला. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ‘जेआर सर्किट’ म्हणतात ते हेच.

श्वासाचा प्रश्न असा सुटत गेला. वेदनेचा मात्र मागे राहिला, आणि ही गोष्ट आजही ऐकवत नाही. नवजात बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ अपुरी असते, त्याला दुखणं फारसं कळत नाही, असा समज होता. भीतीही होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती: भूल खोल दिली तर एवढ्याशा जिवाचं रक्तदाब सांभाळणं अवघड. म्हणून अनेक ठिकाणी स्नायू शिथिल करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू, एवढ्यावर छाती उघडली जाई. शिथिल केलेलं बाळ हलू शकत नाही, रडू शकत नाही. दुखतंय हे ते सांगणार कसं?

इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी या प्रश्नाचं उत्तर बाळांच्या रक्तात शोधलं. जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहिलेली, अपुऱ्या दिवसांची बाळं. काहींना नेहमीच्या भुलीसोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, काहींना नाही. ज्यांना दिलं नाही, त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. आयर यांच्या नळीला तेव्हा ५० वर्षं झाली होती.

१९९२ मध्ये आनंद यांचा पुढचा अभ्यास आला. जन्मजात हृदयदोषासाठी ऑपरेशन झालेली ४५ नवजात बाळं. हलक्या भुलीच्या गटातल्या १५ पैकी ४ दगावली. तीव्र वेदनाशामकाची खोल भूल मिळालेल्या ३० पैकी एकही नाही. वेदना थांबवणं हा जीव वाचवण्याचाच भाग आहे, हे यानंतर नाकारणं कठीण झालं.

आज दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनमध्ये बाळ झोपल्यावर डोळ्याखालच्या हाडातून येणाऱ्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन देता येतं. ओठ काही तास बधिर राहतो, गुंगी आणणारी औषधं कमी लागतात. तुमच्या बाळाचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. दूध कधी थांबवायचं हे विचाराल तेव्हा, जाग आल्यावर दुखू नये म्हणून काय देणार, हेही विचारा.