उन्हाळा लागताना ऐकायची जपानी गाणी

रसिक श्रोतेहो,

जपानी पंचांगाप्रमाणे उन्हाळा ५ किंवा ६ मेच्या सुमारास लागतो. आपल्याकडे तेव्हा वैशाख वणवा पेटलेला असतो आणि माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात; जपानच्या बहुतेक भागांत मात्र त्या वेळी झाडांची पालवी नुकती गर्द होऊ लागलेली असते, सकाळच्या हवेत गारवा असतो आणि जूनमधल्या ‘त्सुयु’ या पावसाळी ऋतूला अजून काही आठवडे बाकी असतात. त्यामुळे या दिवसांच्या गाण्यांत ऊन किंवा तहान शोधायला गेल्यास हाती काही लागत नाही. त्यांत चहाची खुडणी, भातलावणी, काजवे आणि पाऊस आहे. आपल्या मृगाच्या गाण्यांशीच त्यांचे खरे नाते आहे. ही गाणी ऋतूच्या क्रमाने ऐकावीत असा माझा आग्रह आहे, कारण कोणते फूल, कोणता पक्षी, कोणती तिथी याबाबत ती फार काटेकोर असतात आणि त्यांची गोडी बऱ्याच अंशी याच काटेकोरपणात आहे.

आरंभ ‘चात्सुमि’ म्हणजे चहाच्या खुडणीच्या गाण्याने करू. हे गाणे १९१२ साली शिक्षण मंत्रालयाच्या प्राथमिक शाळांसाठीच्या गीतसंग्रहात आले. त्याची पहिलीच ओळ वसंतारंभापासूनच्या अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीचे नाव घेते. ती रात्र २ मेच्या आसपास येते; तिच्यानंतर पाने करपवणाऱ्या गोठलेल्या दवाची भीती सरते, असे शेतकरी मानतात आणि चहाच्या पहिल्या कोवळ्या पानांची खुडणी जोरात सुरू होते. डोंगरात, रानात हिरवाई दाटली आहे आणि मंजिष्ठी रंगाच्या पट्टीने बाह्या बांधून, गवताच्या विणलेल्या टोप्या घालून बाया पाने खुडत आहेत, एवढेच चित्र त्यात आहे. मराठी कानाला ही चाल पहिल्याच भेटीत ओळखीची वाटते, आणि त्याला कारण आहे: तिच्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, म्हणजे स्वर आपल्या भूपाचेच आहेत. राग म्हणून तिचा विस्तार होत नाही, हे उघडच आहे. पण तिची खरी गंमत लयीत आहे. पहिल्या मात्रेवर गाणारा गप्प राहतो आणि शब्द दुसऱ्या मात्रेवर उचलतो. समोरासमोर बसलेल्या दोन मुली या गाण्यावर टाळ्यांचा खेळ खेळतात. ओळ संपली की दोघींचे तळवे एकमेकींवर दोनदा आपटतात, आणि ती मोकळी मात्रा येताच हात पुढच्या ओळीसाठी तयार होतात. घरी कोणाला तरी समोर बसवून हे करून पाहावे. नुसते ऐकून ती लय पुरती अंगात भिनत नाही.

५ मे हा मुलांचा सण असल्याने कापडी माशांच्या पताकांची गाणीही याच आठवड्यातली आहेत. ती गोड आहेत, पण मला आज वेळ द्यायचा आहे तो ‘नात्सु वा किनु’ या गाण्याला. ‘उन्हाळा आला’ हे त्याचे धृपद. शब्द सासाकी नोबुत्सुना यांचे, चाल कोयामा साकुनोसुके यांची, आणि साल १८९६. नोबुत्सुना स्वतः कवी होते आणि ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहाचे मोठे अभ्यासकही होते. त्यांनी या गाण्याचे प्रत्येक कडवे ५-७-५-७-७ अक्षरांच्या जुन्या ‘तांका’ छंदात बांधले आणि त्याला पाच अक्षरांचे धृपद जोडले. शाळेतली मुले गाणे म्हणून जे गात होती, ते हजार वर्षांहून जुन्या छंदातले काव्य होते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता कडवी पाहा. पहिल्यात कुंपणाला ‘उनोहाना’ची पांढरी फुले आली आहेत आणि कोकिळेच्या कुळातला ‘होतोतोगिसु’ पक्षी या मोसमातली पहिली साद दबक्या आवाजात देतो आहे. आपल्या पावशाला जसा पेरणीचा मान, तसा या पक्ष्याला तिथे उन्हाळ्याचा मान आहे. दुसऱ्या कडव्यात डोंगरातल्या खाचरांवर पाऊस कोसळतो आहे आणि वस्त्रांचे काठ भिजवत मुली भाताची रोपे लावत आहेत. तिसऱ्यात वळचणीला लिंबूवर्गीय ‘ताचिबाना’चा गंध दरवळतो आणि खिडकीजवळचे काजवे, अभ्यासात आळस करू नकोस, असे बजावतात, काजव्यांच्या उजेडात वाचणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची जुनी चिनी कथा इथे कवीच्या मनात आहे. चौथ्यात नदीकाठच्या घरापाशी फुले गळत आहेत ती आपण ज्याला बकाण निंब म्हणतो त्या झाडाची, आणि लांबून पाणकोंबडीच्या जातीच्या ‘कुइना’चा आवाज येतो. पाचव्या कडव्यात कवी नवीन काहीच आणत नाही. पावसाळी अंधाऱ्या रात्रीत काजवे, कुइना, उनोहाना आणि भाताची रोपे असे आधी येऊन गेलेले सारे तो पुन्हा एकत्र करतो आणि धृपदावर येतो.

यानंतरची दोन गाणी युद्धोत्तर रेडिओने घराघरांत नेली. ‘मिकान नो हाना साकु ओका’ हे संत्रीवर्गातल्या मिकानच्या फुलांनी भरलेल्या टेकडीचे गाणे. २५ ऑगस्ट १९४६ रोजी इतो या किनाऱ्यावरच्या गावाहून ते प्रसारित झाले. काइनुमा मिनोरू यांनी त्याची चाल तिकडे जाताना आगगाडीत बांधली आणि बारा वर्षांच्या कावादा मासाको हिने ते गायले. टेकडीवरून समुद्र दिसतो, जहाज दिसते आणि पूर्वी इथे जिच्याबरोबर आलो होतो ती आई आठवते. युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. आईची आठवण म्हटल्यावर किती घरांत काय दाटून आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. प्रसारण ऑगस्टमधले असले, तरी मिकान फुलतो मे महिन्यात, म्हणून या गाण्याची जागा इथेच.

दुसरे ‘नात्सु नो ओमोइदे’, १९४९ सालचे. शब्द एमा शोको यांचे, संगीत नाकादा योशिनाओ यांचे. सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या ओझे या पाणथळ माळाचे हे स्मरण आहे. त्यातली ‘मिझुबाशो’ची पांढरी फुले बर्फ वितळल्यावर, मेअखेर ते जूनच्या आरंभी फुलतात. गाणे ऐकून भर उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्यांना मात्र फुले सरून वाढलेली भलीमोठी पानेच दिसतात.

जून उजाडला की ‘आमेफुरी’ ऐकावे: १९२५, कवी किताहारा हाकुशू, संगीतकार नाकायामा शिम्पेई. पावसात आई छत्री घेऊन शाळेत न्यायला आली म्हणून हरखलेले मूल पाण्यात चुबुक चुबुक उड्या मारत निघते, एवढेच बहुतेकांना माहीत असते, कारण बहुतेक जण पहिल्या कडव्यावर थांबतात. कडवी पाच आहेत. तिसऱ्यात एक मूल चिंब भिजून विलोच्या झाडाखाली रडताना दिसते. चौथ्यात आपला नायक आईला विचारून त्याला स्वतःची छत्री देतो. पाचव्यात तो म्हणतो की मी आईच्या मोठ्या छत्रीत मावेन. प्रत्येक कडव्याअखेर पाण्यात उड्या मारण्याचे तेच बोल येतात. मुलांना हे गाणे शिकवणार असाल, तर पाचही कडवी शिकवा.