लांडगा होण्याच्या अटी

[दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा. एक हात झगा घातलेली छोटी मूर्ती उचलतो आणि त्याच चौकोनात लांडग्याची मूर्ती ठेवतो.]

हातात काठी, अंगावर झगा, ही मूर्ती होती ड्रुइडची. निसर्गाच्या शक्तीवर मंत्र चालवणारं आणि हवं तेव्हा प्राण्याचं रूप घेणारं पात्र. आता तिच्या चौकोनात लांडगा उभा आहे. मूर्ती बदलायला दोन सेकंद लागले. पण या दोन सेकंदांत नेमकं काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे ठरवण्यासाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे नियम लिहिणारी मंडळी १९७६ पासून डोकं लढवत आली आहेत.

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवायच्या खेळांत, बाकीच्यांची शक्ती मोजणं सोपं असतं. योद्ध्याची तलवार किती लागते, जादूगाराचा आगीचा गोळा किती जणांना होरपळवतो, याचे आकडे कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर असतात. रूप बदलणाऱ्याच्या हातात मात्र अख्खं जंगल येतं. पोहणारं, उडणारं, बिळात शिरणारं, वास काढणारं असं काहीही. म्हणून त्याला अटी लागतात. आणि माझ्या मते हे पात्र खेळण्यातली खरी मजा त्या अटींमध्येच आहे.

[दृश्य : कॅरेक्टर शीट, अगदी जवळून. पेन्सिलीचं टोक सहा आकड्यांवरून खाली सरकतं.]

इथे सहा आकडे दिसतात. वरचे तीन शरीराचे आहेत : ताकद, चपळाई, काटकपणा. खालचे तीन मनाचे : बुद्धी, समज, व्यक्तिमत्त्वाची छाप. खेळाडूने वरच्या तिन्हींवर एक छोटा कागद चिकटवलाय आणि त्यावर लांडग्याचे आकडे लिहिलेत. खालच्या तिन्हींना हात लावलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आजच्या नियमांचा गाभा या चिकटवलेल्या कागदात आहे. अंग लांडग्याचं आणि मन तिचंच. मित्र कोण, शत्रू कोण, कशासाठी आलोय, सगळं तिच्या ध्यानात राहतं. फक्त मंत्र म्हणता येत नाहीत. आधी सुरू केलेला, एकाग्रतेने धरून ठेवलेला मंत्र मात्र रूप बदललं म्हणून तुटत नाही.

हे इतकं सुटसुटीत व्हायला बराच काळ जावा लागला.

[दृश्य : जुनं पुस्तक. पिवळी पडलेली पानं, बारीक छपाई.]

या खेळात ड्रुइड खेळाडूंच्या हाती आला १९७६ साली, एका पुरवणी पुस्तकातून. दोन वर्षांनी, १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत, त्याच्या रूपांतराला घट्ट चौकट मिळाली. सातव्या लेव्हलपर्यंत, म्हणजे अनुभवाने पात्र ज्या पायऱ्या चढतं त्यातल्या सातवीपर्यंत, रूप बदलता यायचंच नाही. त्यानंतर दिवसातून तीनदा : एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन प्राणी. आकार बेडकापासून किंवा छोट्या पक्ष्यापासून काळ्या अस्वलापर्यंत. आणि रूप बदलताना आधी झालेल्या जखमांपैकी १० ते ६० टक्के भरून निघायच्या. किती, ते फासा सांगायचा.

या नियमाकडे नीट पाहिलं तर त्यातली हुशारी कळते. सकाळी पक्षी होऊन टेहळणी केली, की पक्षी संपला तो उद्यापर्यंत. दुपारी दरी आडवी आली तर दोर शोधा. पक्षी कधी वापरायचा, हाच दिवसभराचा प्रश्न होऊन बसायचा. त्यात जखमा भरण्याची सोय असल्यामुळे पुढचा पेच पडायचा : हे रूप कामासाठी घ्यायचं, की जीव वाचवायला राखून ठेवायचं? इतक्या थोड्या ओळींत इतका विचार करायला लावणारा नियम पुढच्या आवृत्त्यांत मला क्वचितच दिसतो.

[दृश्य : एकावर एक रचलेली जाडजूड पुस्तकं. सगळ्यात वरच्यातून डझनभर रंगीत चिकटपट्ट्या डोकावतात.]

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि दार सताड उघडलं. रूपांतर पाचव्या लेव्हलला आलं, आठव्याला मोठे प्राणी, आणि सोळाव्याला अग्नी, जल, वायू, पृथ्वी या तत्त्वांची रूपंसुद्धा. प्राण्यांचं नवं पुस्तक निघालं की ड्रुइडची यादी आपोआप वाढायची. या चिकटपट्ट्या त्याच काळातल्या आहेत. प्रत्येक पट्टीखाली कुणीतरी शोधून काढलेला एक प्राणी आहे, ज्याचे आकडे त्याच्या लेव्हलच्या मानाने जरा जास्तच चांगले आहेत.

शरीराचे आकडे प्राण्याकडून येणार म्हटल्यावर खेळाडू स्वतःच्या ताकदीवर आणि चपळाईवर काही खर्चच करेनात. सगळं मनाच्या आकड्यांवर ओतायचं आणि अंग प्राण्याचं उसनं घ्यायचं. २००३ च्या सुधारित आवृत्तीत तर ‘नॅचरल स्पेल’ नावाचं कौशल्य मूळ पुस्तकातच आलं. ते घेतलं की अस्वलाच्या रूपातही मंत्र म्हणता यायचे. म्हणजे रूप घेतल्यावर जे एक मोठं सोडावं लागायचं, तेही सोडावं लागेना. मला ही त्या आवृत्तीतली सगळ्यात मोठी चूक वाटते. शेजारी बसलेल्या योद्ध्याला करण्यासारखं फारसं उरलं नाही.

मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. चौथ्या आवृत्तीत, २००९ मध्ये, ड्रुइड वाटेल तितक्या वेळा रूप बदलू शकत होता, पण त्याचे आकडे बदलतच नव्हते. लांडगा म्हणा, रानडुक्कर म्हणा, चित्ता म्हणा, हिशेब सारखाच. कागदावर निर्दोष नियम. पण प्राण्याच्या अंगात शिरल्याची जाणीव त्यात नव्हती.

[दृश्य : प्राण्यांची कार्डं पंख्यासारखी धरलेली. बोट एका कार्डावर थांबतं : अस्वल.]

२०१४ ची पाचवी आवृत्ती जगभर सर्वाधिक टेबलांवर पोचली, तेव्हा तिच्यापाशी थोडं थांबू. इथे रूपांतर दुसऱ्याच लेव्हलला मिळतं. दोनदा वापरायचं, मग विश्रांती घेतली की पुन्हा दोनदा. एक रूप टिकतं लेव्हलच्या निम्मे तास. दुसऱ्या लेव्हलला पोहणारा किंवा उडणारा प्राणी चालत नाही. पोहणारा चौथ्याला, उडणारा आठव्याला. हे का, ते नकाशाकडे पाहिलं की समजतं. कडा, तटबंदी, खंदक हे सुरुवातीच्या साहसांचे अडथळे. दुसऱ्या लेव्हलला ससाणा मिळाला तर त्यातला एकही अडथळा राहत नाही.

हिट पॉइंट्सचा, म्हणजे पात्र किती घाव सोसू शकतं त्या आकड्याचा, हिशेब मात्र या आवृत्तीला जड गेला. रूप घेतलं की प्राण्याचे हिट पॉइंट्स मिळतात. ते संपले की ड्रुइड आपल्या रूपात परत, स्वतःचे हिट पॉइंट्स घेऊन. अस्वलाचे ३ उरलेत आणि १० चा घाव बसला, तर वरचे ७ ड्रुइडच्या अंगावर येतात. इथपर्यंत ठीक. पण ‘सर्कल ऑफ द मून’ या शाखेच्या ड्रुइडला तपकिरी अस्वल दुसऱ्याच लेव्हलला घेता येतं, आणि त्या अस्वलाचे हिट पॉइंट्स आहेत ३४. दोनदा घेतलं की ६८. काटकपणा १४ धरला, तर त्या लेव्हलच्या ड्रुइडचे स्वतःचे असतात साधारण १७ आणि योद्ध्याचे २०. आकडे समोर ठेवले की वेगळं भाष्य करायची गरज नाही.

[दृश्य : वहीचं पान. समासात पेन्सिलीने बारीक नोंदी.]

याच आवृत्तीत एक अट होती, जिच्यासाठी मला हा व्हिडिओ करावासा वाटला. ज्या प्राण्याचं रूप घ्यायचं, तो तुमच्या पात्राने आधी पाहिलेला असला पाहिजे. एवढंच. अनेक टेबलांवर ही अट वाचून पुढे जातात. या टेबलावर ती पाळली जाते. ही वही ड्रुइड खेळणाऱ्या मुलीची. समासात लिहिलंय : ‘कोळी – गुहेच्या तोंडाशी. घोडा – सराईपाशी. लांडगा – हिवाळ्यात, लांबून.’ प्रत्येक प्राण्यापुढे तो कुठे दिसला, ते.

या एका अटीने खेळण्याची रीतच बदलते. वाळवंटात वाढलेली ड्रुइड शार्क होऊ शकत नाही. व्हायचं असेल तर समुद्रापर्यंत जावं लागेल. डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, वाटेतल्या ओढ्याचं वर्णन करतो, तेव्हा बाकीचे पुढच्या गावाचं विचारतात आणि ही विचारते, ‘पाण्यात काय हलतंय?’ डीएम सांगतो, ‘ऊद आहे. मासा धरून काठावर आलाय.’ वहीत एक ओळ वाढते. निसर्गाच्या शक्तीवर जगणारं पात्र निसर्गाकडे लक्ष देऊन पाहतंय, आणि त्याचं फळ नियम देतोय. याहून चोख मर्यादा मला माहीत नाही.

दुसऱ्या खेळांनीही आपापल्या वाटा काढल्यात. ‘डंजन वर्ल्ड’मध्ये ड्रुइडच्या शरीरावरची एक खूण प्रत्येक रूपात तशीच राहते, त्यामुळे ओळखणारा ओळखतो. ‘पाथफाइंडर’ने पहिल्याच आवृत्तीत प्राण्याचे सगळे आकडे उसने देणं बंद केलं आणि ड्रुइडच्या स्वतःच्या आकड्यांत ठरावीक भर घालायला सुरुवात केली.

[दृश्य : तुरुंगाचा नकाशा. दोन जाळ्या, मध्ये पहारेकऱ्यांची खोली. उंदराची चिमुकली मूर्ती.]

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२३ मध्ये चाचणीसाठी आलेल्या मसुद्यात प्राणी काढून टाकून जमीन, पाणी आणि आकाश असे तीन साचे दिले होते. खेळाडूंना ते रुचलं नाही आणि साचे मागे घेतले गेले. २०२४ च्या पुस्तकात प्राणी परत आले, पण यादीत बांधलेले. सुरुवातीला चार रूपं, चौथ्या लेव्हलला सहा, आठव्याला आठ. मोठ्या विश्रांतीनंतर यादीतलं एक बदलता येतं. आता प्राण्याचे हिट पॉइंट्स मिळत नाहीत. स्वतःचेच राहतात आणि वर लेव्हलइतके तात्पुरते मिळतात. अस्वलाचा तो पेच सुटला.

या टेबलावर आज हेच नियम चालू आहेत. पार्टीचा, म्हणजे सोबतच्या साहसी टोळीचा, एक जण आतल्या कोठडीत साखळदंडाने बांधलेला आहे आणि किल्ली ड्रुइडकडे आहे. जाळीतून शिरेल असा उंदीर तिच्या यादीत आहे. पण ही लोखंडी किल्ली उंदराच्या तोंडात मावणारी नाही. नियम म्हणतो, रूप बदलताना जवळच्या वस्तू खाली पडतील, नव्या अंगावर बसत असतील तर बसतील, किंवा अंगात विरून जातील, आणि हे ठरवायचं ड्रुइडने. ती म्हणते, ‘किल्ली विरू दे.’ उंदीर दोन्ही जाळ्या ओलांडतो. आत पोचल्यावर तिला माणूस व्हावंच लागतं, कारण विरलेली वस्तू त्याशिवाय हाती येत नाही. ती किल्ली मित्राच्या हातात ठेवते, पुन्हा उंदीर होते, आल्या वाटेने बाहेर.

तिसऱ्या लेव्हलला रूपं दोनदाच घेता येतात. दोन्ही खर्ची पडली. पाठोपाठ पहारेकऱ्यांशी जी लढाई झाली, त्यात लांडगा नव्हता.

[दृश्य : खेळ संपल्यावरचं टेबल. फासे पिशवीत जातात. वही अजून उघडी.]

पाहिलेलं असण्याची अट २०२४ च्या नियमात उरलेली नाही. पण ती चारच्या यादीला सहज जोडता येते, आणि या डीएमने ती जोडली आहे : विश्रांतीनंतर यादीत नवा प्राणी घ्यायचा, तर तो प्रवासात दिसलेलाच घ्यायचा. त्यासाठी डीएमलाही काम करावं लागतं. प्रत्येक मुक्कामाच्या वर्णनात एखादा तरी जिवंत प्राणी आणावा लागतो, आणि तोही काहीतरी करताना. खेळाडूने विचारलं नाही, तर तो प्राणी तसाच निघून जातो.

आजच्या खेळात तिने विचारलं. वहीत घुबडाची नोंद झाली आहे. उडणारं रूप आठव्या लेव्हलला मिळतं, तोवर ती नोंद थांबून राहील. उद्याच्या यादीत घोड्याच्या जागी ऊद येणार आहे, कारण पुढची वाट नदीकाठाने जाते.