आतून कडी लागणारी खोली

नमस्कार, श्रोतेहो.

नर्सेसचा संप झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "यांना पेशंटचं काही पडलेलं नाही." ते ऐकलं की मला केईएमची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

27 नोव्हेंबर 1973. परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ही तरुण नर्स ड्युटी संपवून कपडे बदलायला गेली. कुठे? तळघरात. तिथे एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली, ती कायमची अंथरुणाला खिळली. नर्सेसनी संप केला. अरुणाची नीट देखभाल व्हावी, आम्हाला कामावर सुरक्षितता मिळावी, एवढंच मागणं.

आणि मग त्याच नर्सेसनी तिला सांभाळलं. वॉर्ड नंबर चारलगतच्या खोलीत, जवळपास 42 वर्षं! बेचाळीस वर्षं, श्रोतेहो. कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, घास मऊ करून भरवायचा. इतक्या वर्षांत तिला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिली नाही. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचं म्हटलं, तेव्हा याच नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. 1973 मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुलींनी तिला आपलं मानलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दयामरण नाकारलं, तेव्हा त्यांनी मिठाई वाटली. 18 मे 2015 ला अरुणा गेली, तोवर हे चाललं.

संप करणाऱ्या त्याच, आणि रात्र जागणाऱ्याही त्याच. पुन्हा सांगते, त्याच.

नोकरीवरची निष्ठा पगाराच्या पावतीपुरती नसते. ड्युटीचा तक्ता वेळेवर लागतो का, ओव्हर घ्यायला, म्हणजे पेशंट ताब्यात घ्यायला, पुढची सिस्टर येते की डबल ड्युटी गळ्यात पडते, नाइट संपल्यावर घरी जायची सोय आहे का, चूक झाली तर इन्चार्ज पाठीशी उभी राहते का, यावर माणूस टिकतो. 12 मेला, परिचारिका दिनाला, गुलाबाचं फूल देतात, ते मला मनापासून खटकतं. फूल राहू दे, रजा द्या.

तुमच्या गावच्या दवाखान्यात कोणी ओळखीची सिस्टर असेल तर तिला एवढंच विचारा, कपडे बदलायला खोली आहे का? आणि तिला आतून कडी लागते का?

नमस्कार.