बेला बार्टोक : मेणाच्या नळकांड्यातली गाणी

नमस्कार श्रोतेहो. हंगेरीचा बेला बार्टोक (१८८१–१९४५) संगीतकार होता, पियानोवादक होता, बुडापेस्टच्या संगीत अकादमीत १९०७ पासून १९३४ पर्यंत पियानो शिकवत होता आणि लोकगीतं गोळा करत होता. मला विचाराल तर शेवटचं काम सगळ्यांत मोलाचं. बाकीचं त्यातूनच उगवलं.

हंगेरीचाच संगीतकार झोल्टान कोडाय याच्या साथीनं त्यानं हे काम हाती घेतलं. फोनोग्राफ घेऊन खेड्यात जायचं, गाणाऱ्या बाईला कर्ण्याच्या तोंडाशी उभं करायचं. ती गाऊ लागली की सुई मेणाच्या फिरत्या नळकांड्यावर चर कोरत जाई आणि काही मिनिटांतच नळकांडं भरे. खरी पंचाईत पुढे होती. स्वरलेखन करायचं तर गाणं पुन्हा पुन्हा ऐकायला हवं, आणि मेण मऊ, दर ऐकण्याला चर झिजणार! तरीही बार्टोकनं गळ्यातली एकेक हरकत टिपली : मुख्य सूर मोठ्या खुणांनी, हरकती बारीक खुणांनी. हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन गाणी तर झालीच, शिवाय १९१३ मध्ये तो अल्जीरियात बिस्क्राला गेला आणि १९३६ मध्ये तुर्कस्तानात.

त्यानं ऑपेरा एकच लिहिला, बॅले दोन, तंतुवाद्यांची चौकडी वाजवते त्या रचना सहा. त्यांतल्या चौथीत तार इतकी जोरात ओढायची असते की ती बोटपट्टीवर आपटून फटकारा उठतो.

पियानो शिकणाऱ्यांसाठी 'मिक्रोकोसमोस'. सहा भागांत १५३ रचना, शेवटच्या सहा बल्गेरियन, म्हणजे असमान ठोक्यांच्या लयीत. १४९वी घ्या. मात्रा सात, विभागणी दोन-दोन-तीन. कानाला समान ठोक्यांची सवय, म्हणून शेवटच्या तीन मात्रा नकळत चार होतात, नाहीतर दोनांच्या जागेत कोंबल्या जातात. उपाय साधा आहे : सातही मात्रा तोंडानं मोजा, अगदी संथ, आणि टाळी फक्त पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या मात्रेवर. मात्रा सारखी राहिली की लंगडी चाल आपोआप येते.

१९४० मध्ये तो अमेरिकेला गेला. १९४३ मध्ये तो आजारी असताना बोस्टनच्या वाद्यवृंदाचा संचालक कूसेवित्स्की यानं त्याच्याकडे रचना मागितली आणि 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' तयार झाला. पहिला प्रयोग १ डिसेंबर १९४४, बोस्टन.

या कॉन्चेर्टोचा दुसरा भाग आज जरूर ऐका. सुरुवातीला खालच्या तारा सैल केलेला ताशासारखा छोटा ड्रम एकटाच. मग वाद्यं जोडीजोडीनं येतात. दोन बासून, म्हणजे खर्जातली लांब फुंकवाद्यं, एकमेकांपासून सहाव्या सुरावर. ओबो आणि क्लॅरिनेट हीही फुंकवाद्यंच : ओबो तिसऱ्यावर, क्लॅरिनेट सातव्यावर, बासऱ्या पाचव्यावर. शेवटी तोंडं झाकलेले ट्रम्पेट येतात, दोघांत अंतर एकाच सुराचं, म्हणून आवाज एकमेकांना घासत चालतात. मधे पितळी वाद्यांची संथ, गंभीर धून. त्यानंतर जोड्या परततात तेव्हा बासूनकडे नीट कान द्या. आता तिथे तिसरा बासून आलेला असतो, आणि तो त्या दोघांच्या मधूनमधून तुटक सूर पेरत जातो.