परड्यातलं खुराडं आणि अर्ध्या इंचाची गोष्ट

(दृश्य: पहाट. तोडणी झालेला उसाचा फड, पाचटावर दव. लांबून कोंबड्याची बांग.)

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, हातकणंगले, शिरोळकडे फडामागून फड रिकामे होतात. उभ्या उसात उंदीर खाऊन राहिलेलं रानमांजर, कोल्हा, मुंगूस यांचा आडोसा एका दिवसात जातो. ती बांधाला लागतात, आणि बांधापलीकडं कुणाचं तरी परडं असतं. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी मळ्यांत शिरलं, की साप आणि उंदीर उंचवट्याला सरकतात. म्हणून खुराड्याची डागडुजी वर्षातून दोनदा करायची: मिरगाच्या आधी एकदा आणि तोडी सुरू व्हायच्या आधी एकदा.

(दृश्य: खुराड्याबाहेर विखुरलेली पिसं.)

कोंबडी मेली, की पहिला आळ मुंगसावर. पण मुंगूस दिवसा हिंडणारं जनावर. रात्री कोंबडी गेली असेल, तर ते तेव्हा बिळात झोपलेलं असतं. खरा गुन्हेगार खुणांवरून कळतो. पाच-सहा कोंबड्या मारून तशाच टाकल्यात, खाल्लेली जवळजवळ एकही नाही, तर भटकी कुत्री. एकच कोंबडी नाही आणि पिसांची रेघ बांधाकडं गेलीय, तर रानमांजर किंवा कोल्हा. अंडी कवचासकट गायब आणि कोंबड्या शाबूत, तर बहुधा साप. मेलेल्या पिल्लाचं डोकं ओलं, पिसं चिकटलेली, तर सापानं गिळायला घेऊन सोडलेलं. कोपऱ्यात ताजी माती उकरून पिल्लू नेलं असेल, तर घूस. धड आत आणि डोकं नाही, तर जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीवर बाहेरून पंजा पडला.

यातल्या शेवटच्या खुणेचं मूळ जाळीत आहे. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळते ती सहा कोनांची, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते, एवढंच तिचं काम. कुत्रा ती दातानं फाडतो आणि तिच्या भोकातून मांजराचा पंजा सहज जातो. खुराड्याला अर्धा इंच चौकोनाची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्डिंगनं जोडलेली ताठ तारेची जाळी लागते. महाग पडते, म्हणून बरेच जण ती फक्त पुढच्या बाजूला लावतात आणि मागं जुनीच जाळी ठेवतात. जनावर मागूनच येतं.

(दृश्य: चार फूट बाय पाच फुटांचा सांगाडा. जाळी कापणारे हात.)

दहा कोंबड्यांना रात्रीपुरतं चार फूट बाय पाच फुटांचं खुराडं पुरतं. एका पक्ष्याला दोन चौरस फूट. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका. आतून ठोकली, तर बाहेरच्या रेट्यानं खिळे सुटतात. बाहेरून असली, तर तोच रेटा जाळीला लाकडावर दाबतो. नुसते यू-खिळे नकोत. वायसर घालून स्क्रू, दर चार इंचांवर एक.

आता तळ. बहुतेक खुराडी वरून भक्कम आणि खालून उघडी असतात. दोन-तीन इंचांचा कोबा करता आला, तर घुशीचा प्रश्न मिटला. मातीच ठेवायची असेल, तर भोवती जाळीचा पदर पसरा. दोन फूट रुंदीची पट्टी घ्या. सहा इंच भिंतीवर चढवा, उरलेले अठरा इंच जमिनीवर बाहेरच्या अंगाला. खुराड्याचा घेर १८ फूट, चार कोपऱ्यांच्या तुकड्यांना ६ फूट, म्हणजे २४ फूट पट्टी. वर तीन इंच माती आणि दगड. कुत्रा असो की कोल्हा, उकरायला लागतो भिंतीच्या अगदी बुडाशी. तिथं नखांना तार लागते. दीड फूट मागं सरकून उकरावं, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही.

छपराच्या पत्र्याच्या नळ्या कडेला उघड्या राहतात. उंदीर आणि साप तिथूनच आत येतात. तिथं वेल्डमेश चेपून वर सिमेंटचा गिलावा द्या. दाराखालची फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. नुसती आकडी धक्क्यानं उचलली जाते, म्हणून कडी आणि तिच्यात खिट्टी. दोन पायांच्या शिकाऱ्यासाठी मात्र कुलूपच.

मासेमारीची नायलॉन जाळी खालच्या बाजूला कधीच लावू नका. साप तिच्यात अडकून मरतो, आणि सोडवायला हात घालणाराही धोक्यात येतो.

(दृश्य: घेवड्याच्या मांडवाखाली पिल्लं. वर घिरट्या घालणारी घार.)

दिवसाची राखण वेगळी. घार आणि कावळा पिल्लं उचलतात, शिक्राही टपलेला असतो. चमकत्या पट्ट्या बांधल्या, की थोडे दिवस गुण येतो, मग कावळे त्यांना सरावतात. त्यापेक्षा घेवड्याचा बुटका मांडव बरा. कोंबडीनं इशारा दिला, की पिल्लं पळून लपतात. गावरान कोंबडी प्रसंगी उडून झाडावर बसते. वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंगानं जड, त्यांना उडून सुटणं जमत नाही. पहिले सहा-आठ आठवडे पिल्लं डालग्याखाली ठेवा, वर दगड ठेवा. मातीवर डालगं ठेवलं, तर खाली वेल्डमेशचा तुकडा हवाच.

खुराड्याला चिकटून शेणींची हुडवी किंवा जळण रचू नका. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतो, उंदरामागं साप. दाणा पत्र्याच्या डब्यात, भोवतालची सहा फूट जागा साफ, अंडी सांजेच्या आत घरात.

विष घालणं किंवा फास लावणं यातलं काहीच नको. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विषाचा घास आधी शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या तोंडात जातो. पन्हाळा, शाहूवाडीच्या बाजूला बिबट्याचे ठसे दिसले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

(दृश्य: तिन्हीसांजा. पेटलेला कंदील, सोप्यात मांडलेली डालगी.)

हल्ला झालाच, तर मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नका. दोन फूट खोल पुरा, वर चुना टाका. वाट सापडलेलं जनावर दुसऱ्या रात्री पुन्हा येतं. फट सापडून बुजेपर्यंत उरलेल्या कोंबड्या डालून सोप्यातच ठेवा.