एका खाचेचा फरक

पडद्यावरचे हे रूलेट या जुगाराचे चक्र नीट पाहावे. त्यावर ३७ खाचा आहेत: १८ लाल, १८ काळ्या आणि शून्याची एकच हिरवी. चक्र एका दिशेने फिरते, चेंडू उलट दिशेने सोडला जातो आणि तो कुठे थांबेल हे टेबलाभोवतीच्या कोणालाच सांगता येत नाही. या क्षणी सारे खेळाडू एका पातळीवर येतात, आणि ही ओढ खरी आहे. एका आकड्यावर लावलेली पैज जिंकली, तर मूळ रकमेखेरीज तिच्या ३५ पट पैसे मिळतात. हिशेब बरोबरीचा असता, तर ३६ पट द्यावे लागले असते. कॅसिनोला कोणाला फसवावे लागत नाही. त्या एका हिरव्या खाचेमुळे प्रत्येक पैजेचे सरासरी २.७ टक्के त्याच्याकडे राहतात. काही चक्रांवर दुहेरी शून्याची आणखी एक खाच असते. तिथे हे प्रमाण ५.२६ टक्क्यांवर जाते.

माँटे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ च्या ऑगस्टमध्ये चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला, असे सांगितले जाते. ‘आता तरी लाल येणारच’ या खात्रीने लोक पैजा वाढवत गेले आणि हरत गेले. चेंडूला मागची फेरी आठवत नाही. आठवते ती खेळणाऱ्याला.

आता हे स्लॉट मशीन, चिन्हांची चाके फिरवणारे जुगाराचे यंत्र. जुन्या यंत्रात खरी चाके फिरत आणि ती कुठे थांबतात यावरून निकाल ठरे. १९८४ मध्ये अमेरिकेत इंगे टेलनेस यांना मिळालेल्या पेटंटनुसार मात्र निकाल आतले संगणकीय यंत्रच यादृच्छिक आकड्याने ठरवते आणि चाके तो फक्त दाखवतात. त्यामुळे काचेमागे दिसणाऱ्या चिन्हांवरून जिंकण्याची खरी शक्यता कळत नाही. मोठ्या बक्षिसाचे चिन्ह जिंकण्याच्या रेषेच्या किंचित वर किंवा खाली वारंवार थांबेल, अशी मांडणीही यातून शक्य झाली. ‘थोडक्यात हुकले’ हे खेळाडूला वाटते. यंत्राच्या दृष्टीने ती साधी हार असते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसल्यामुळेच बटणावरचा हात मागे घेणे अवघड जाते.

मानसोपचारातील डीएसएम-५ या वर्गीकरणाने २०१३ मध्ये जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घेतला. कर्ज, लपवाछपवी आणि मोडलेली घरे त्याच्या मागोमाग येतात.

हा हात पाहावा. चाके अजून पुरती थांबलेली नाहीत, आणि तो पुन्हा बटणाकडे निघाला आहे.